चौथा मंडप

आमच्या वस्तीला ओढ्यावर फरशी पूल हवा होता आणि गावाला दरवेळी आमदार निधीतून देवाचा सभामंडप मिळत होता. तीन झाले. २००२ साली चौथ्याची हवा सुरू झाली तेव्हा मी थकले होते. माझी साधना दहावीत जाणार होती. ओढा भरला की तिची शाळा बुडायची, आणि सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं, "पूल झाला नाय तर पोरगी घरी बसंल."

माझे धाकटे दीर ज्ञानेश नाशिकला कॉलेजात शिकवतात. चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, अमेरिकेत याला पोर्क बॅरल म्हणतात. डुकराच्या मांसाचं पिंप. पूर्वी मालक लोक गुलामांपुढं खारवलेल्या मांसाचं पिंप ठेवायचे आणि झुंबड उडायची, असं सांगतात. पुढं पुढारी सरकारी पैशासाठी तसेच तुटून पडायला लागले, आपापल्या मतदारांना वाटायला. तेच नाव चिकटलं."

"त्यांना खायला तरी मिळत होतं," मी म्हटलं. "आम्हाला स्लॅब. चाटायचा का?"

आमदार आले. आमच्याकडं रीत अशी, की मोठ्या पाहुण्याकडं पहिलं मागणं देवाचं. सरपंच खंडेरावांनी मंडप मागितला, टाळ्या पडल्या, तिथंच नारळ फुटला. मग मी उभी राहून पूल मागितला.

आमदार गोड हसले. "ताई, ओढ्यापलीकडं घरं किती?"

"सहा."

"बघू की."

त्या 'बघू'चा मला लय वीट आला होता.

पावसाळ्याच्या तोंडावर मंडप उभा राहिला, शाळेला लागूनच. आभाळ भरून आलं तसं मी स्टोव्ह, वाकळा आणि साधनाला घेऊन तिथं राहायला गेले. आमचे मालक वस्तीवर टोमॅटोच्या पिकापाशी थांबले. गाठोडं मात्र त्यांनीच बांधून दिलं.

खंडेराव तणतणत आले. "सुवर्णाबाई, देवाच्या मंडपात संसार?"

"पूल झाला की उठते."

"अवो, गुरुवारी आमदार उद्घाटनाला येणार हायेत!"

साधना भिंतीला टेकून गणितं सोडवत होती. माझे पाय इतके दुखत होते की उठून बोलायचंही जिवावर आलं.

"येऊ द्या," मी बसल्या बसल्या म्हटलं. "चहा करते. देवाचं मागून झालंय. आता माझं मागते."