मशीनसाठी पाठ केलेला धडा

सिंधीपुरा मोहल्ल्यात शोभाताईंच्या घरी संध्याकाळी कुकरच्या शिट्टीआधी त्यांचाच आवाज गल्लीत जायचा. "हिमानी, कालचा शब्द आज विसरली? लक्ष कुठे राहते तुझं?" चौथीतली हिमानी त्याच ओळीवर पुन्हा पुन्हा बोट फिरवायची. पोरगी तशी हुशार. एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगायची. छापलेली ओळ समोर आली की मात्र तिची गाडी अडायची. घरचे तिला आळशी म्हणत, आणि आता तीही स्वतःला तेच म्हणू लागली होती.

एक दिवस तिच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत मुलांसह पालकांची सभा झाली. वर्गशिक्षिका ज्योत्स्ना मॅडमनी टॅबलेट दाखवला. "मुलं यावरचा एक हिंदी उतारा मोठ्यानं वाचतील. हजारो मुलांच्या वाचनातून शिकलेला हा प्रोग्रॅम आहे. मूल कुठे अडतं, कोणती अक्षरं उलटसुलट करतं, ते हा टिपतो आणि डिस्लेक्सियाची शक्यता असेल तर सांगतो. म्हणजे बुद्धी चांगली, पण अक्षरं त्रास देतात. अशा मुलांना न रागावता, वेगळ्या रीतीनं शिकवलं की ती वाचायला लागतात."

"आणि पोरीवर ठप्पा लागला तर? तो सासरपर्यंत पुरेल!" शोभाताई उसळल्या.

"थर्मामीटरमुळे ताप येतो का, ताई? तो फक्त दाखवतो. पुढचं डॉक्टर बघतात. इथेही शेवटचं तज्ज्ञच ठरवतील."

शोभाताईंना काही पटलं नाही. आपल्या लोकांचं असंच आहे! तपासणी म्हटली की आपल्याला परीक्षा दिसते, आणि परीक्षा दिसली की आपण घोकंपट्टीला लागतो. शेजारच्या रश्मीचा मुलगा दुसऱ्या तुकडीत होता, त्याची तपासणी आधी झाली. रश्मीनं उताऱ्याचा फोटो मोबाईलवर काढून आणला होता. मग काय! शोभाताईंनी तो वाचून दाखवायचा आणि "एक बार अजून म्हण" करत हिमानीकडून घोटून घ्यायचा.

तपासणीच्या दिवशी त्या पदराचं टोक पिळत दाराशी बसल्या. हिमानीनं टॅबलेटकडे पाहत अख्खा उतारा घडाघडा म्हटला. पडद्यावर हिरवी खूण आली.

"मी म्हणू राहिली होती ना मॅडम, माझी पोरगी पक्की आहे!"

"वर्गात ती असं वाचत नाही, ताई."

"मग काय मशीन खोटं बोलते?" असं म्हणून शोभाताई लेकीला घेऊन निघाल्या. वाटेत ऑटो थांबवून त्यांनी गरम, खव्याची मावा जलेबी घेतली. हिमानी द्रोण हातात धरून बसली, पण खाईना.

"काय झालं गं?"

"मम्मी, मशीनला पण नाही कळलं."

"काय नाही कळलं?"

"मला वाचता येत नाही ते. मॅडम म्हणल्या होत्या, मशीननं ज्यांना ओळखलं त्यांना कोणी रागावणार नाही. मला वाटलं, मला ओळखेल. आता मी आळशीच ठरली ना?"

अरे देवा! लेकीला हात द्यायला कोणी आलं होतं, आणि आपणच दार लावून घेतलं!

"भैया, ऑटो घुमाओ! वापस शाळेत!"

ज्योत्स्ना मॅडम वर्गाला कुलूप लावत होत्या. शोभाताई धापा टाकत म्हणाल्या, "मॅडम, ताप दिसू नये म्हणून मीच थर्मामीटर बर्फात ठेवला. उतारा पाठ करून घेतला होता. परत घ्या."

मॅडमनी कुलूप काढून टॅबलेटवर नवा उतारा लावला. हिमानी द्रोण बाकावर ठेवून वाचू लागली, दुसऱ्याच शब्दाला अडली, मागे गेली, पुन्हा अडली. सांगून टाकायला शोभाताईंचे ओठ हलत होते. त्यांनी पदर तोंडाशी गच्च धरला. या वेळी खूण नारिंगी आली.

"शक्यता दिसते," मॅडम म्हणाल्या. "आता तज्ज्ञांकडे जाऊ. मी सोबत येते."

"म्हणजे मी आळशी नाही?" हिमानीनं विचारलं.

"नाही गं माझी माय!" शोभाताईंना रडू आवरेना.

वाचकहो, यंत्र कितीही शिकलेलं असो, आपण दाखवू तेवढंच त्याला दिसतं. लेकराची अडचण झाकली तर घराची अब्रू वाचत नाही, लेकरू मात्र एकटं पडतं. तपासणीत पास व्हायचं नसतं, खरं सांगायचं असतं. तेवढं धाडस आपण आईबापांनी करायलाच हवं!

बाकावरची जलेबी पार गार झाली होती. हिमानीनं द्रोण जवळ ओढला आणि एक तुकडाही न ठेवता सगळी खाल्ली.