अक्रोडी बाकावरचा आठवडा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. तार्न नदीच्या वरच्या अंगाला, द्राक्षबागांच्या मधोमध जिस्लेन नावाच्या बाईचं दगडी घर आहे. त्या घराच्या पडवीत, भिंतीला पाठ लावून मी उभा असतो. मी लांब आहे, जड आहे आणि थोडा करकरतो. माझे तीन पाय अक्रोडाचे आणि चौथा ओकचा. तो मला म्हातारपणी मिळाला.

मी मुळात एक झाड होतो. एका वादळात आडवा झालो. जिस्लेनचा सासरा तेव्हा तरुण होता. तो म्हणाला, "एवढ्या चांगल्या झाडाचं सरपण करायचं म्हणजे पाप आहे." त्यानं गावच्या सुताराला बोलावलं. सुतारानं मला कापलं, रंधलं, तेल पाजलं आणि मांडवाखाली नेऊन ठेवलं. पहिल्याच द्राक्षकाढणीला माझ्यावर माणसांची रांग बसली.

काय दिवस होते ते! दक्षिणेकडून, डोंगरापलीकडून काढणीला बायका-पुरुष यायचे. दुपारी सगळे माझ्यावर दाटीवाटीनं बसायचे. पांढऱ्या घेवड्याची रटरटलेली कढई यायची, पाव मोडले जायचे. कुणी कुणाची चेष्टा करायचं, कुणी गायचं. हसताना सगळी रांग एकदम मागे रेलायची. तेव्हा मीही सगळ्यांबरोबर हसलो असं मला वाटायचं. "बाक असावा तर असा," सासरा माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "अख्खं गाव पेलतो, पण कुरकुर नाही."

मग काढणीचं यंत्र आलं. माणसं येईनाशी झाली. जिथं माणसंच नाहीत तिथं बाक कशाला? मला कोठारात टाकलं. माझ्यावर औषधाचे डबे आले, फाटके टायर आले. रात्री कोंबड्या बसू लागल्या. ओलीनं माझा एक पाय कुजला आणि मी एका कुशीवर कललो. तसाच कितीतरी वर्षं पडून होतो. मित्रांनो, तुटण्याचं दुःख असतंच. पण कुणी बसायला येत नाही, हे दुःख लाकडाच्या आत शिरतं.

जिस्लेनचा नवरा गेला. तिनं बागा खंडानं दिल्या आणि वरच्या खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. कोठार रिकामं करताना तिला मी सापडलो. शेजारचा ओगुस्त सरपणासाठी कुऱ्हाड घेऊनच आला होता. जिस्लेननं माझ्यावरची घाण फडक्यानं पुसली आणि म्हणाली, "याला नाही. याला पाय बसवा." ओगुस्त तोंडानं फटकळ, पण हाताला गुण असलेला माणूस. त्यानं मला ओकचा पाय बसवला आणि वर म्हणाला, "माझा गुडघाही कुणी असा बदलून दिला असता तर!"

तेव्हापासून मी पडवीत आहे. शनिवारी पाहुणे येतात, माझ्यावर नकाशा पसरतात आणि आठवडा आखायला बसतात. विश्रांतीला म्हणून आलेली माणसं आपल्या विश्रांतीचे किती तुकडे करतात, हे मी फार पाहिलं आहे. पण रेमोंदबाई आणि त्यांची मुलगी नादेज यांचा आठवडा मी विसरणार नाही.

जून महिना होता. वेलींना बारीक मण्यांसारखे घोस धरले होते. मायलेकी उत्तरेकडच्या शहरातून दिवसभर गाडी चालवून आल्या. रेमोंदबाई ऐंशीच्या घरातल्या, बारीक, ताठ, पण चालताना हातात काठी. नादेज पन्नाशीची, इस्पितळात परिचारिका. आल्या आल्या नादेजनं नकाशा उघडला.

"आई, उद्या सकाळी बाजार. दुपारी नदीकाठचा मठ. सोमवारी आल्बी शहरातलं मोठं चर्च आणि म्युझियम. मंगळवारी वाइनची दोन तळघरं आणि टेकडीवरचं जुनं गाव. बुधवारी गुहा. गुरुवारी होडी..."

"छान, छान," रेमोंदबाई म्हणाल्या.

ओगुस्त अंड्यांची टोपली घेऊन आला होता. तो म्हणाला, "बाई, सुट्टीला आलात की लढाईला? आमच्याकडे लष्करसुद्धा दुपारी झोपतं."

नादेज हसली, पण नकाशा तिनं मिटला नाही.

ती सामान घेऊन वर गेली, तशा रेमोंदबाई जिस्लेनकडे वळल्या. "खरं सांगू? मला कुठंही जायचं नाही. इथं बसून त्या वेलींकडे बघायचंय. पण पोरीनं इतक्या हौसेनं आखलंय. तिला सांगू नका हं."

आणि रेमोंदबाई झोपल्यावर नादेज खाली आली. माझ्या टोकाला बसली आणि चपला काढून तिनं पाय वर घेतले. "मी इतकी दमलेय ना, जिस्लेन, की आठवडाभर नुसती झोपेन. पण आईला कुठंतरी न्यायलाच हवं."

"का?"

"नुसतं बसलं की बोलावं लागतं." तिनं तळवे चोळले. "मी सप्टेंबरात कॅनडाला चाललेय. तिथल्या इस्पितळात नोकरी धरली. होकार देऊन बसलेय. आईला अजून सांगितलं नाही. तिला माझ्याशिवाय कोण आहे?"

"मग सांगून टाक की!"

"सांगेन. गुरुवारी, होडीत."

मित्रांनो, बाक होण्यात हेच वाईट. दोघींचं ऐकलं मी, आणि सांगणार कुणाला? दुसऱ्या दिवशी दोघी बसल्या तेव्हा मी जिवाच्या आकांतानं करकरलो. नादेज म्हणाली, "हा मोडणार बहुतेक." झालं, एवढंच!

त्या बाजारात गेल्या, मठात गेल्या, आल्बीला गेल्या. संध्याकाळी परतायच्या तेव्हा दोघींचे चेहरे वाळलेल्या पावासारखे असायचे. बाजारातून आणलेलं बकरीच्या दुधाचं चीज कागदातून बाहेर निघायचं नाही. सोमवारी तर दोघी न जेवताच वर गेल्या.

मंगळवारी सकाळी जिस्लेन माझ्यावर बसून मटार सोलत होती. रेमोंदबाई खाली आल्या आणि तिच्या हातातलं पातेलं घेऊन आपल्या मांडीवर ठेवलं. तेवढ्यात गाडीची किल्ली वाजवत नादेज आली.

"आई, बूट घाल. तळघरवाले आपली वाट बघतायत."

"बघू देत. मी येत नाही."

"पाय दुखतायत का?"

"माझ्या पायांना मध्ये आणू नकोस. मला इथं बसायचंय."

"मग आधी का नाही सांगितलंस?" नादेजचा आवाज चढला. "मी किती खपले याच्यामागे! फोन केले, जागा राखल्या. तुला आनंद व्हावा म्हणूनच ना?"

रेमोंदबाई शांतपणे एक शेंग सोलत म्हणाल्या, "तुझे बाबा असेच करायचे. वाईट बातमी असली की आधी मला चांगल्या हॉटेलात जेवायला न्यायचे. बदकाचं मांस समोर आलं की मी ओळखायचे. तू तर मला दोन दिवस फिरवतेयस. म्हणजे बातमी केवढी असेल! बस इथं आणि सांग."

जिस्लेन हळूच उठून आत गेली. नादेज बसली. मला तिचं सगळं वजन एकदम जाणवलं. समोरासमोर बसली असती तर कदाचित बोललीच नसती. पण बाकावर दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात. वेलींकडे बघत ती म्हणाली, "कॅनडा. सप्टेंबरात."

"किती वर्षं?"

"तीन. कदाचित जास्त."

"आणि हे तू मला कुठं सांगणार होतीस?"

"होडीत."

"म्हणजे मी उठून जाऊ नये म्हणून!"

नादेजला हसू फुटलं आणि त्याच हसण्यातून रडू. पण रेमोंदबाई हसल्या नाहीत. त्यांनी पातेलं माझ्यावर आपटलं, मटार घरंगळले. त्या उठल्या आणि काठी न घेता तडक बागेत चालत्या झाल्या. नादेज मागे धावणार, तोच कुंपणापाशी उभा असलेला ओगुस्त म्हणाला, "राहू दे. मी नजर ठेवतो. आईला रागवायलाही जरा जागा लागते, पोरी."

नादेज माझ्यावर बसून राहिली. मटार वेचत, पुसत, परत टाकत. ती सकाळ फार लांब होती.

ऊन माथ्यावर आलं तेव्हा रेमोंदबाई परतल्या. चपला मातीनं भरलेल्या, केस विस्कटलेले. त्या धपकन बसल्या. "तू तीन वर्षं गेलीस तर मी परत दिसेन की नाही, हे मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुलाही नाही. ते दोघींनी उगाच गोड करून सांगायचं नाही. कबूल?"

"कबूल."

"तू जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण मला वाईट वाटतंय. तेही मी लपवणार नाही." मग म्हणाल्या, "भूक लागलीय. ते चीज आण. आणि आता आठवडा मी आखते."

नादेजनं डोळे पुसले. "आख."

"आज इथंच. उद्या काही नाही. परवाही काही नाही. शुक्रवारी होडी, कारण आता तिच्यात बसायला मला भीती नाही."

आणि तसंच झालं. त्या बसल्या. नादेज दुपारभर माझ्यावर आडवी होऊन घोरली, तिचं डोकं आईच्या मांडीवर होतं. ओगुस्त आपल्या तळघरातली बाटली घेऊन आला. "तळघर बघायला कशाला जायचं? तळघरच तुमच्याकडे आलं!" रेमोंदबाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "आंबट आहे." तो म्हणाला, "ती वाइन नाही बाई, ती माझी वृत्ती." संध्याकाळी बोलणं निघायचं. तिकडची थंडी, तिकडचं घर, आई एकटी असताना पडली-झडली तर काय करायचं. अवघड बोलणी होती. पण दोघी बसून बोलल्या.

नादेज सप्टेंबरात गेली. या जूनला रेमोंदबाई आगगाडीनं एकट्या आल्या. माझ्यावर बसल्या. किती हलक्या झाल्या होत्या! फोनवर मुलीला समोरच्या वेली दाखवत म्हणाल्या, "बघ, यंदा घोस चांगले धरलेत." फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ रडल्या. मग ओगुस्त येऊन पलीकडच्या टोकाला बसून राहिला. मला तो त्या दिवशी फार आवडला.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी सुट्टी आखाल. खुशाल आखा. नद्या बघा, गावं बघा. पण एखादी सकाळ कोरी सोडा. तुमच्याबरोबर आलेल्या माणसाच्या मनात काही अडलेलं असतं आणि ते धावत्या गाडीत बाहेर पडत नाही. आणि आमच्यासारख्या जुन्या बाकांना सरपणात टाकू नका. आम्हाला वर्षातून एकदा तेल लागतं, कधी एखादा पाय लागतो. बाकी आमचं मागणं काही नाही. कुणीतरी यावं, बसावं, आणि शेजारच्याला म्हणावं, "सरक जरा."