पूर्णेपलीकडे विझलेली ज्योत

मी कंदील. वरवट बकालच्या मनकर्णाबाईंच्या घरचा. माझा पत्रा खामगावच्या बाजारातला, काच तिसरी की चौथी. वर्षभर मी गोठ्यात उजेड देतो. नवरात्र आलं की मात्र माझा मान वाढतो.

आमच्या गावच्या घटाची ज्योत चिखलीच्या रेणुकेकडून येते. घाट उतरून साठेक मैलांची वाट. पोरं आळीपाळीनं मशाल घेऊन अनवाणी पळतात. मागून पुंजाजीची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, येते आणि तिच्यात देवीच्याच दिव्यावरून पेटवलेला मी. मशाल विझली तर माझ्यावरून लावायची. दुसरा विस्तव चालत नाही.

सहदेव हा मनकर्णाबाईंचा भाचा, त्यांनीच वाढवलेला. पासष्ट साली पुण्याहून शिकून परतला. तिकडच्या एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्यानं नाव दिलं होतं. रोज पहाटे तो शिवारातून पळायचा. बाया हसायच्या, "कुत्रं लागलं काय वं याच्या मागं?"

मग पाकिस्तानशी लढाई सुरू झाली आणि शर्यत रद्द झाली. सहदेवचं जेवणातलं लक्ष उडालं. नागपूरला हिवाळ्यात दुसरी शर्यत होती, पण तोवर धीर कुठला! एकट्यानंच शेगावपर्यंत जाऊन यावं, तर ते कोण बघणार? शेवटी त्याला ज्योत आठवली.

"आत्याबाई, औंदा ज्योत मीच आणतो. अख्खी वाट, एकटा. एका माणसाची जिद्द पाहून गाव जागं होईल. आन् हे शर्यत कोणी रद्द करू शकत नाही."

"हे शर्यत नोहे, बाप्पा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मायले घरी आनाचं हाये."

त्यानं ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

चिखलीहून निघताना त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. घाटात तो असा सुटला की बैलांच्या तोंडाला फेस आला. पुंजाजी ओरडला, "हळू बे! देवीले काय मोटर पकडाची हाये?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पूर्णा ओलांडल्यावर, दमणीचं चाक ओल्या काळ्या मातीत रुतलं. सहदेव थांबला नाही. पुंजाजी चाकाला खांदा लावून वाकलेला, आणि दांडीला टांगलेला मी पुढं पाहत होतो. वाऱ्याचा झोत आला. मशाल विझली.

सहदेवनं मागं वळून आमच्याकडं पाहिलं. दोन शेतांचं तर अंतर होतं. बांधावर एक माणूस बिडी ओढत बसला होता. सहदेव त्याच्याजवळ वाकला. मशाल पुन्हा पेटली आणि तो पळाला.

चाक निघाल्यावर आम्ही गावात पोचलो, तेव्हा देवळापुढं ज्योतीची आरती नुकतीच संपली होती. मनकर्णाबाईंनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ज्योतीवरून घटाचा दिवा लावायचा, मगच पाणी, असं त्यांचं व्रत. त्यांचे ओठ सुकले होते. वात पुढं करत त्या म्हणाल्या, "मही माय तुह्या हातानं आली रे, पोरा."

सहदेवची नजर माझ्यावर पडली. त्याचा हात मागं गेला.

"थांब, आत्याबाई. हे देवीची नाही. बिडीवाल्याच्या काडीची हाये."

ढोलकी थांबली. गर्दीतून गावातले जाणते हिंमतराव म्हणाले, "पुण्याले जाऊन हेच शिकला काय बे?"

मनकर्णाबाई दमणीपाशी आल्या. त्यांनी माझी काच वर केली, हातातली वात माझ्यावर लावली, घटाचा दिवा पेटवला. मग वळून सहदेवलाच म्हणाल्या, "पानी दे मले."

त्यानं तांब्या धरला, पण निम्मं पाणी त्यांच्या पदरावर सांडलं.

त्याला सात-आठ वर्षं झाली. सहदेवनं पुन्हा मशाल धरली नाही. तो मला हातात घेऊन दमणीसोबत चालतो. "घे ना बे आता मशाल," मनकर्णाबाई दरवर्षी म्हणतात. तो मान हलवतो आणि राखेनं माझी काच पुसायला बसतो. घासतो, उजेडात धरतो, पुन्हा घासतो.

काचेवर काहीच नाही हो. कधी वरवटला आलात तर त्याला एवढं सांगा. मी सांगून पाहिलं. माझं तो ऐकत नाही.