गळक्या करवंट्या

बाळाराम तांडेलाला जगात एकाच गोष्टीचा मनापासून राग होता, आणि ती म्हणजे गळती. घरात नळ ठिबकला तरी तो जेवता जेवता उठायचा. रेवसच्या धक्क्यावर कुणाच्या होडीत जरा पाणी दिसलं, की मालकाची धडगत नसायची. "असा जाशील दर्यावर? तू कशाला मासे आनतोस, मासेच येतील तुला न्यायला!" गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तो समुद्रावर जात नव्हता, धक्क्यावर बसून दुसऱ्यांच्या होड्यांच्या फटी बुजवायचा. त्याने बुजवलेली फट पुन्हा गळली, असं कुणी म्हणून तर दाखवावं!

त्यात आता नातीचं निघालं. प्रांजली सातवीत. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिची निवड झाली होती. त्यांच्या कोळीवाड्याच्या शाळेतून आजवर कुणी तिथं गेलं नव्हतं. बाळारामने ही बातमी इतक्यांदा सांगितली, की लोक त्याला येताना बघून वाट बदलायला लागले. "आमची प्रांजली अलिबागला समुद्र शिकवायला चालली," तो छाती काढून म्हणायचा. म्हणजे नेमकं काय शिकवणार, असं विचारलं की मात्र गडी घुटमळायचा. "समुद्रच शिकवनार. आनि काय?"

शिकवणार होती ती एवढंच, की समुद्रात कोण कुणाला खातं आणि खाल्लेल्यातली ऊर्जा पुढे किती पोचते. शाळेच्या मनालीबाईंनी तिची कसून तयारी करून घेतली होती. सामान साधं होतं. पायऱ्यापायऱ्यांची लाकडी मांडणी, खाली परात आणि प्रत्येक पायरीवर एक करवंटी. सगळ्यात वरची पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या हिरव्या वनस्पतींची, मग जवळ्याची, म्हणजे इवल्याशा कोळंबीची, मग मांदेलीची, आणि शेवटची घोळ माशाची. वरच्या करवंटीत हळदीचं पाणी ओतायचं. ते ऊन. करवंट्यांना भोकं होती, त्यामुळे बरंचसं पाणी परातीत गळून जायचं आणि उरलेलं थोडंसं प्रांजली पुढच्या करवंटीत ओतायची. ती भोकं तिने मुद्दाम पाडली होती.

बाळारामला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आदल्या दिवशी प्रांजली भाषण पाठ करायला बाईंकडे गेली आणि पडवीतल्या करवंट्या म्हाताऱ्याच्या नजरेला पडल्या. त्याने एक उचलून उजेडाकडे धरली. अरे देवा, ही तर चाळणी! "बायजे," तो बायकोवर ओरडला, "गळक्या करवंट्या घेऊन चालली पोर! तांडेलाच्या घरच्या करवंट्या, आनि गळक्या? अलिबागात नाक कापलं जाईल माझं!"

"तिला इचारा तरी आधी," बायजाबाई म्हणाली.

विचारायचं काय त्यात? त्याने कापसाच्या वाती वळल्या, राळेत भिजवल्या आणि एकेक भोक असं बुजवलं, की जन्मात कुठल्या होडीला एवढी माया लावली नसेल. मग पाणी भरून बघितलं. टिपूस न्हाय! करवंट्या सुकवून, कागदात गुंडाळून पिशवीत ठेवल्या आणि पोर उघडून बघेल तेव्हा किती खूश होईल, या विचाराने तो एकटाच हसत बसला.

सकाळी एसटीने तिघं अलिबागला गेली, आजा, नात आणि मनालीबाई. तिथल्या एका शाळेच्या सभागृहात टेबलं मांडलेली होती. कुणाचा ज्वालामुखी, कुणाचा पवनचक्कीचा दिवा. परीक्षक सर प्रांजलीच्या टेबलाशी आले तेव्हा बाळाराम पुढच्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून उभा होता.

प्रांजलीने घाईघाईने करवंट्या मांडल्या, बोलायला सुरुवात केली आणि हळदीचं पाणी ओतलं.

एक थेंब गळला नाही.

तिने थोडी वाट बघितली. मग पाणी जवळ्याच्या करवंटीत ओतलं, तिथून मांदेलीच्या, तिथून घोळीच्या. वरून ओतलेलं सगळं पाणी जसंच्या तसं खाली पोचलं. परात कोरडी ठणठणीत. बाळारामने शेजारच्याला कोपराने ढोसलं. "बघितलास? याला म्हनतात काम!"

आणि मग त्याला नातीचा चेहरा दिसला. पांढराफटक. मनालीबाईंनी कपाळाला हात लावला होता. आपण काय करून बसलो, ते म्हाताऱ्याला अजून नीट कळलं नव्हतं. पण पोरीचा घात झालाय आणि तो आपल्याच हातून झालाय, एवढं कळलं.

"बाळ, ऊर्जा प्रत्येक टप्प्यावर कमी होते म्हणालीस ना?" परीक्षकांनी विचारलं. "इथं तर काहीच कमी झालं नाही."

प्रांजलीने करवंटी उलटी करून बघितली. राळेचे गुळगुळीत ठिपके. तिने मान वर केली आणि थेट आजाकडे बघितलं. बाळारामला वाटलं, आता ही रडणार.

"सर, भोकं बुजलीत," ती म्हणाली. "माझ्या आजाने बुजवलीत. त्याने बुजवलेलं आजवर कधी गळलेलं नाही." सभागृहात हसू फुटलं, पण ती थांबली नाही. "समुद्र असा असता, तर जेवढा जवळा तेवढीच घोळ असती. आजा, खरं सांग, जाळ्यात जवळा किती येतो?"

"जवला? टोपल्याच्या टोपल्या," बाळाराम चाचरत म्हणाला.

"आणि घोळ?"

"घोल कुठली गं बाय! नशिबात असली तर येकादी."

"का रे एवढी कमी?"

बाळारामने जन्मभर घोळीची वाट बघितली, पण हे कधी मनात आलं नव्हतं.

"कारण जवळा खातो ते सगळं त्याच्या अंगी लागत नाही," प्रांजली म्हणाली. "पोहण्यात, पळण्यात, जगण्यातच बहुतेक खर्च होतं, उष्णता होऊन निघून जातं. मांदेलीला मिळतं ते उरलेलं. तिचंही तसंच, मग घोळीच्या वाट्याला थेंबभर. गेलेलं परत येत नाही, म्हणून वरून ऊन रोज लागतं. होडी गळता कामा नये, आजा. पण जिवंत आहे ते गळणारच." तिने कंपासपेटीतून कर्कटक काढून त्याच्यापुढे धरलं. "तूच उघड आता."

बाळाराम तांडेलाने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हाताने गळती केली. राळ दगडासारखी झाली होती. तो टोचत होता, पुटपुटत होता आणि डोळे पुसत होता. लोक टेबलाभोवती जमले. मग प्रांजलीने पुन्हा हळदीचं पाणी ओतलं, परात भरत गेली, आणि शेवटची करवंटी तिने आजाच्याच हातात दिली. त्याने आत डोकावून बघितलं. तळाला जेमतेम घोटभर पिवळं पाणी.

"येवढंच?" तो ओरडला, आणि सगळं सभागृह खो खो हसलं.

"जिल्ह्याला येताना दोन संच आण," परीक्षक प्रांजलीला म्हणाले. "एक गळका, एक आजोबांनी बुजवलेला. दोन्ही दाखवल्याशिवाय मजा नाही." ती जिल्ह्याला जाणार, हे म्हाताऱ्याला मनालीबाईंनी दंड धरून हलवल्यावर उमगलं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर त्याच्या बसायच्या जागेवर घोळीची करवंटी टांगलेली होती. येईल त्याला तो सगळी गोष्ट सांगायचा, उन्हापासून घोळीपर्यंत, एकही पायरी न गाळता. कोळीवाड्यातल्या हरेश्वरने होडी लावता लावता करवंटीकडे बघितलं. "तांडेल, तुझ्याकडे आनि भोकाची करवंटी? आन इकडं, बुजवून देतो."

"हात लावशील तर बघ!" बाळाराम ताडकन उठला. "माझ्या नातीनं पाडलेली भोकं हायेत ती."