फुंक्याचे पाय

"हा बघ, गेला! मी काहीच नाही केलं, चहा पीत होते," म्हणत खेळ तपासून बघणाऱ्या मनस्वीने मोबाइल ईश्वरीच्या नाकापुढे धरला.

स्क्रीनवर गोबऱ्या गालांचा फुंक्या गच्चीच्या कडेवरून खाली पडत होता, तोही स्वतःच्याच फुंकरीने.

'गच्चीवीर' या खेळाच्या आधीच्या दोन्ही भागांत फुंक्या होता. नायकाने एका गच्चीवरून दुसरीवर झेप घेतली, की हा ढगाचा गोळा ऐन वेळी गाल फुगवायचा आणि त्याला उडवून लावायचा. शाळेत असताना ईश्वरीने त्याला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. फिजिक्सची पदवी घेऊन पावणे गावातल्या या खेळ बनवणाऱ्या छोट्या कंपनीत लागल्यावर तिसऱ्या भागातला फुंक्या घडवायचं काम तिने हट्टाने मागून घेतलं. पण जुना फुंक्या लोकांना पाठ झाला होता. त्याला कुणी घाबरत नव्हतं. नंदकुमार सरांनी बजावलं होतं, आज चारपर्यंत नवा जमला नाही तर त्याच्या जागी कावळा. चित्रकार रूपेशने कावळ्याची चित्रंही काढून ठेवली होती.

"हवेला पुढे ढकललं की हवा त्याला मागे ढकलणारच," ईश्वरी म्हणाली. "आधीच्या भागांत ते चुकलं होतं. मी दुरुस्त केलं."

"बाई गं, शत्रू आहे तो. त्याला परीक्षेला बसवायचंय का?"

"माझ्या कावळ्याला असलं टेन्शन नाही," पलीकडून रूपेश म्हणाला.

नियम काढला तर पुन्हा तोच पाठ झालेला फुंक्या. वजन वाढवून पाहिलं, तर तो धोंड्यासारखा बसून राहिला, नायकामागे फिरेचना. ईश्वरी उठली, बसली, पाण्याची बाटली उघडून न पिताच बंद केली. घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवून तिने दोनदा पाहिलं. तेवढ्यात खिडकीबाहेर धो धो आवाज सुरू झाला.

"टाकी भरली! मोटर बंद करा रे कोणीतरी!" खालून कुणीतरी ओरडलं.

जागेवरून उठायला निमित्तच हवं होतं. ती जिना उतरून धावली. पंपाच्या खोलीचा लोखंडी दरवाजा नेहमीसारखा अडकला होता आणि अंगणभर पाणी झालं होतं. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. दरवाजा जागच्या जागी, तीच सरसर मागे गेली. पुन्हा ढकललं, पुन्हा मागे. चिडून तिने टाच गटाराच्या कठड्याला टेकवली आणि खांदा लावला. दरवाजा कर्रकन उघडला.

मोटर बंद करून ती क्षणभर आपल्या ओल्या चपलेकडे बघत राहिली. मग एका दमात वर आली.

"रूपेश, तुझ्या कावळ्याचे पाय दे."

"काय?"

"नख्या दे फक्त. फुंक्याला पाय नाहीत, म्हणून तो पडतो. फुंकण्याआधी त्याने नख्या रोवायला हव्यात."

"म्हणजे माझा कावळा लंगडा करणार तू," असं म्हणत त्याने चित्रं पाठवली.

चार वाजता नंदकुमार सर मनस्वीच्या मागे येऊन उभे राहिले. फुंक्याने नख्या रोवल्या, गाल फुगवले आणि नायकाला थेट खाली धाडलं. दुसऱ्यांदाही तेच.

"हा हलतच नाही!" मनस्वी करवादली. मग तिला खेळातल्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसली. तिने नायकाला उडी मारायला लावून नळ उघडला. गच्ची ओली झाली, नख्या निसटल्या आणि फुंक्या मागे घसरत चालला. मनस्वी ओरडली, "गेला, गेला... अगं, मी पण घसरतेय!"

"घसरणारच," ईश्वरी म्हणाली. "पाणी दोघांच्याही पायाखाली आहे."

दोघे दोन बाजूंनी खाली पडले.

नंदकुमार सरांनी हात पुढे केला. "दे इकडे."

त्यांचाही नायक पडला. त्यांनी ओठ आवळले, कुणालाही न विचारता पुन्हा सुरू केलं, आणि पुन्हा पडले.

"सर, मग कावळा?" रूपेशने विचारलं.

"गप रे," ते मान वर न करता म्हणाले. "नळ केव्हा उघडायचा ते बघू दे आधी."