बारा नंबर

"पंखा परत गेला," मालन पलंगावरून म्हणाली. ती मोबाइलवर पुन्हा पुन्हा बटण दाबत होती, पण डोक्यावरचं पातं हलत नव्हतं.

दौलत तावडे स्वयंपाकघरातून हात पुसत आला. त्याने भिंतीवरचं बटण दाबलं आणि पंखा फिरू लागला.

"काढून टाका हे सगळं," मालन म्हणाली. "शेवटी तुम्हालाच हाक मारायची, तर कशाला हवंय?"

मणक्याच्या ऑपरेशननंतर आठ महिने ती पलंगावरच होती. कमरेखाली हालचाल नव्हती. वडाळ्याला राहणाऱ्या लेकीने, अनुजाने, मागच्या महिन्यात आईसाठी दिवा, पंखा आणि दाराचा कॅमेरा मोबाइलवर चालेल असं करून घेतलं होतं. दिवा नीट चालायचा. पंखा मात्र कधी ऐकायचा, कधी नाही. लावून देणारा माणूस दोनदा येऊन राउटर बंद-चालू करून गेला होता.

दौलतने चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात, लालबाग-परळच्या खड्ड्यांत उतरून केबलचे जोड केले होते. बिघाड सापडल्याशिवाय तो खड्ड्यातून वर येत नसे. मालनचं बोलणं त्याला लागलं. त्याने जुनी डायरी घेतली आणि अनुजाला फोन लावला.

"राउटरच्या आत कसं जायचं ते सांग."

"बाबा, तुम्ही काही बदलू नका हं."

"नुसतं बघतो. तू सांग तर."

अनुजाने सांगितलं. राउटर घरातल्या प्रत्येक वस्तूला एक पत्ता देतो, त्यातला शेवटचा आकडा तेवढा बघायचा. दौलत मोबाइलच्या पडद्यावरून एकेक उतरवून घेऊ लागला. दिवा दहा. टीव्ही अकरा. पंखा बारा. दोघांचे मोबाइल तेरा, चौदा. यादी संपली.

"कॅमेरा कुठे गेला? तो तर चालतोय."

"यादीत नाही? मग त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये बघा," अनुजा म्हणाली. "लावणाऱ्याने हाताने पत्ता टाकला असेल."

दौलतने कॅमेऱ्याचं पान उघडलं. शेवटचा आकडा बारा होता.

तो खुर्चीतून उठलाच. "मालन, क्रॉस झालाय."

"काय झालंय?"

"एक नंबर, दोन घरं. तू पंख्याला सांगतेस आणि निरोप जातो दारातल्या कॅमेऱ्याकडे." त्याचा आवाज चढला होता. "परळला एकदा डॉक्टरची आणि पिठाच्या गिरणीची लाइन अशीच एकात एक गेलेली. पेशंट सांगायचा, पोटात दुखतंय. गिरणीवाला म्हणायचा, घेऊन या, दळून देतो."

मालन हसली. हसता हसता तिला ठसका लागला. त्याने पाणी दिलं, पण त्याचे डोळे मोबाइलवरच होते. अनुजा फोनवरून सांगत गेली तसं त्याने कॅमेऱ्याला वीस नंबर दिला आणि बारा पंख्याच्या नावाने कायमचा राखून ठेवला. मग सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. राउटरचा दिवा हिरवा होईपर्यंत त्याला एका जागी उभं राहवेना.

"आता दाब."

पंखा फिरला. तिने बंद केला. परत लावला. त्याने दाराबाहेर जाऊन कॅमेऱ्यासमोर हात हलवला, तेव्हाही पंखा चालूच राहिला. वीस वेळा करून पाहिलं, एकदाही चुकला नाही. तो शर्टाला हात पुसत उभा होता, मोठी केबल जोडून वर आल्यासारखा.

"अहो," मालन म्हणाली, "आता जरा खाली जाऊन या."

"काय आणायचंय?"

"काही नाही. मला घरात थोडा वेळ एकटीला राहायचंय. आठ महिने झाले."

त्याने डायरी मिटली. चपला घालून अकरा मजले उतरून खाली आला. फाटकाशी थांबून त्याने सवयीने मोबाइल काढला. पडद्यावर घरातला पंखा बंद दिसत होता. मग चालू झाला. वेग एक. दोन. परत एक. दिवा लागला, विझला.

त्याने मोबाइल बंद करून खिशात टाकला आणि चिंचपोकळीच्या दिशेने, कसलीही घाई नसल्यासारखा चालू लागला.