चार मोकळ्या तारा

मित्रांनो, मी एक जुनी बेस गिटार आहे, आणि उद्या दुपारी मी विकली जाणार आहे. आत्ता मी एका दुरुस्तीच्या दुकानात टेबलावर आडवी पडले आहे. माझ्या कुशीला, जिथे केबल खुपसतात तिथे, पत्र्याची एक छोटी पट्टी आहे. तिला चार स्क्रू आहेत. त्या पट्टीमागे काय झालं आहे हे मला आठ महिन्यांपासून माहीत आहे, आणि सांगायला मला तोंड नाही. जीव नुसता टांगणीला लागला आहे. म्हणून हातात वेळ आहे तोवर माझी हकिगत तुम्हालाच सांगते.

माझं अंग ज्या लाकडाचं आहे, त्याचं खरं तर कपाट व्हायचं होतं. कपाट झाले असते तर एका कोपऱ्यात सुखाने उभी राहिले असते! पण तो सुतार हौशी निघाला. दिवसभर दुसऱ्यांची दारं-खिडक्या बनवायचा आणि उरलेल्या वेळात मला तासायचा. तीन महिने लागले. शेवटी त्याने चार जाड तारा चढवल्या, मला स्पीकरला जोडलं आणि सर्वांत खालच्या सुराची तार छेडली. खिडकीची तावदानं थरथरली. आतून त्याची बायको ओरडली, "अहो, दारात ट्रक आलाय का बघा!" सुतार इतका खूश झाला की त्याने मला पुसून पुन्हा पुसलं.

मला घेतलं ते एका एकोणीस वर्षांच्या मुलीने. ती आणि तिची धाकटी बहीण एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. आई गेल्यापासून घरात दोघीच. थोरली एका वाद्यवृंदात बेस वाजवायला लागली. धाकटीला ती 'बारके' म्हणायची, आणि बारकी तिला 'ताई'. भिंतीवर एक खिळा होता, त्यावर मी टांगलेली असे. त्या खिळ्याखाली बसून दोघी जेवत, भांडत आणि पुन्हा हसत. मी त्या घरातली तिसरी होते म्हणा ना.

आता माझ्या कामाबद्दल सांगते. गाण्यात मला कोणी ऐकत नाही. लोक गायिकेला ऐकतात, तबला-ढोलकीवर डोलतात. मी थांबले की मात्र गाणं लंगडायला लागतं, आणि तेव्हाही काय कमी झालं हे कोणाला सांगता येत नाही. दिवसभरात फक्त दोन मिनिटं माझी एकटीची असतात. कार्यक्रमाआधी एकेक वाद्य वाजवून साउंड चेक होतो ना, तेव्हाची. खुर्च्या रिकाम्या असतात, मागून मिक्सरवाला, म्हणजे सगळे आवाज कमी-जास्त करणारा माणूस, म्हणतो, "बेस," आणि सगळे गप्प होतात.

बहुतेक बेसवाले तेव्हा आपली करामत दाखवतात. बोटं तुरुतुरु पळवतात, ड्रमवाल्याने भुवया उंचवाव्यात म्हणून. थोरली तसलं काही करत नसे. ती माझ्या चार मोकळ्या तारा वाजवी. मोकळ्या म्हणजे डाव्या हाताचं बोट न दाबता. एक तार छेडायची आणि तिचा आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबायचं. मग दुसरी. वाद्यवृंदाचे मास्तर घड्याळाकडे बघत, "अगं, झोपलीस का?" म्हणत. ती म्हणे, "मास्तर, रिकामा हॉल खरं बोलतो. लोक आले की तोही गोड बोलायला लागतो." आणि खरंच, त्या लांब सुरात सगळं उघडं पडे. कुठला कोपरा घुमतो, कुठली खुर्ची खडखडते, माझी कुठली वायर कुरकुरते. दर सहा महिन्यांनी ती ते चार स्क्रू काढून आत डोकावेही. माझी एवढी काळजी नंतर कोणी घेतली नाही.

अशी बारा वर्षं गेली. मग थोरलीच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडायला लागली. तिने ते कोणालाच सांगितलं नाही, बारकीलाही नाही. साउंड चेकला काही कळायचं नाही, कारण मोकळ्या तारांना डावा हात लागत नाही. पण कार्यक्रमात पितळ उघडं पडलं. भर गाण्यात बोटं वळेनात, आणि मी भलत्याच सुरात बरळले. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरकडे गेली असताना मास्तरांचा निरोप आला. संध्याकाळचा कार्यक्रम होता आणि बारकीला वाजवता येत होतं, ताईनेच शिकवलं होतं. बारकीने मला खिळ्यावरून काढलं आणि ती निघाली. तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर थोरलीने स्वतः माझा पट्टा तिच्या खांद्यावर चढवला असता, हे मी शपथेवर सांगते. पण थोरली घरी आली तेव्हा तिला नुसता रिकामा खिळा दिसला. रात्री एवढंच म्हणाली, "नेलीस? बरं केलंस."

त्या 'बरं केलंस'मध्ये काहीच बरं नव्हतं. दोघींनी अबोला धरला.

मास्तरांनी थोरलीला मिक्सरवर बसवलं, कारण तिच्याइतका कान कोणाचा नव्हता. आता बघा काय गंमत! एक बहीण स्टेजवर, एक हॉलच्या मागच्या टोकाला, आणि मध्ये मी. दोन वर्षं त्यांचं एकमेकींशी धड बोलणं म्हणजे साउंड चेक. मागून माइकवर आवाज यायचा, "बेस." बारकी तुरुतुरु काहीतरी वाजवायची. मागून यायचं, "बस." झालं संभाषण. मोकळ्या तारा ही ताईची गोष्ट होती, म्हणून बारकी त्यांना हात लावत नसे. आणि थोरली तोंडाने मागत नसे. दोघींचा स्वभाव एकाच साच्यातला, वाकायचं म्हणून नाही.

याच काळात एकदा घाईत बारकीचा पाय केबलवर पडला आणि केबलला हिसका बसला. माझ्या आत वायर जिथे कथलाचा डाग देऊन जोडलेली असते, तिथे बारीक चीर गेली. ती चीर वरच्या, भरभर सुरांत गप्प राहायची. खालची तार लांबवून वाजली, माझं अख्खं अंग थरथरलं, की ती खरखरायची. दोन कार्यक्रमांत अशी खरखर झाली. बारकीला वाटलं, ताई मिक्सरवर मुद्दाम लक्ष देत नाही. थोरलीला वाटलं, बारकी वाटेल तशी केबल तुडवते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मास्तर वैतागले. म्हणाले, "पुन्हा खरखर झाली तर बेस बंद. कीबोर्डवाला डाव्या हाताने वाजवेल."

मग तो दिवस उजाडला. मोठा हॉल होता आणि त्या दिवशी एक असं गाणं होतं, ज्यात सुरुवातीला फक्त गायिका आणि मी. दुपारी साउंड चेकला माझी पाळी आली तेव्हा मी अक्षरशः गयावया करत होते. खालची तार वाजव गं! एकदाच, लांब, शेवटपर्यंत! अजून चार तास आहेत, दहा मिनिटांत दुरुस्त होईन मी! बारकीने बोटं पळवली. सगळे सूर स्वच्छ आले. मागे थोरलीने माइकचं बटण दाबलं, आणि स्पीकरमधून तिचा श्वास ऐकू आला. ती काहीतरी म्हणणार होती. मला पक्कं ठाऊक आहे काय ते. हॉलमध्ये क्षणभर कोणी हललं नाही.

"बस," ती म्हणाली.

संध्याकाळी ते गाणं आलं. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला खालची तार छेडली गेली, मी थरथरले, आणि वायर तुटली. माझा आवाज गेला. मित्रांनो, तार हलत असताना आवाज न येणं काय असतं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. बारकीने हात थांबवले आणि थेट हॉलच्या टोकाला मिक्सरकडे पाहिलं. तिला वाटलं, ताईने मला बंद केलं. थोरलीने मान वर केली तेव्हा तिला बारकीचे थांबलेले हात दिसले. तिला वाटलं, हिने मुद्दाम वाजवणं सोडलं. गायिका एकटीच गात राहिली.

पडद्यामागे दोघी समोरासमोर आल्या. दोन वर्षांनी पहिल्यांदा बोलल्या, आणि बोलल्या ते हे.

"केलंस ना बंद?" बारकी म्हणाली. "बघवत नाही तुला माझं वाजणं."

"मी बंद केलं? हात तू काढलेस. मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायला."

"एवढा राग होता तर तेव्हाच सांगायचं होतंस!"

"तू विचारलंस कधी?" थोरली म्हणाली. "वाजव तू. मी जाते."

मी तिथेच खुर्चीला टेकवलेली होते. एकदा, फक्त एकदा कोणी केबल लावून तार छेडून बघितली असती तर! कोणी बघितली नाही. दुसऱ्या दिवशी थोरलीने बॅग भरली आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. मास्तरांनी बेस कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताला दिला. बारकीने मला पलंगाखाली सरकवलं आणि पुन्हा केबल लावली नाही. आठ महिने मी तिथे धुळीत होते. ती रोज एकटी जेवायची. कधी कधी जेवता जेवता थांबायची आणि त्या खिळ्याकडे बघत राहायची.

शेवटी तिने गिऱ्हाईक शोधलं. नवीन तारा चढवून पुसून-बिसून द्यावी म्हणून आज मला इथे घेऊन आली. दुरुस्तीवाले काका म्हातारे आहेत, चष्मा दोऱ्याने बांधलेला. मी हे सांगत असतानाच त्यांनी सवयीने आधी केबल लावली, तार छेडली आणि कान दिला.

"बाई, ही तर मुकी आहे."

"नाही हो काका. चांगली वाजत होती. शेवटच्या कार्यक्रमात मिक्सरवरून बंद केली होती, एवढंच."

काकांनी पेचकस उचलला. त्यांनी पट्टीचे स्क्रू काढले. एक, दोन, तीन, चार. माझ्या आत उजेड पडला. त्यांनी सुटलेली वायर चिमट्याने बाहेर ओढली.

"हा बघा, डाग सुटलाय. आजचा नाही, टोक काळं पडलंय. चांगले सात-आठ महिने झाले असतील. मिक्सरवर कोणी काही केलं नाही, बाई. हिची आधीच वाचा गेली होती."

बारकी स्टुलावर बसली. बराच वेळ ती त्या केसाएवढ्या वायरीकडे बघत होती. मग रडायला लागली, आवाज न करता. काकांनी तिच्याकडे न बघता डाग दिला, पट्टी बसवली आणि केबल तिच्या हातात दिली. "तपासून घ्या," एवढंच म्हणाले.

तिने फोन काढला, नंबर लावला आणि फोन स्पीकरसमोर टेबलावर ठेवला. पलीकडून "हॅलो?" आलं. बारकीने सर्वांत खालची तार छेडली आणि हात बाजूला घेतला. काकांची स्क्रूंची बरणी खडखडली, काच थरथरली. ती थांबली, आवाज पूर्ण विरेपर्यंत. फोनमधून काही नाही. दुसरी तार. काही नाही. तिसरी. चौथी. मी होतं नव्हतं ते सगळं त्या चार सुरांत ओतलं. आणि मग शांतता, अगदी त्या हॉलमधल्यासारखी. बारकीने डोळे पुसले. तिचा हात फोन बंद करायला पुढे आला. मला किंचाळावंसं वाटलं. पुन्हा नको गं! पुन्हा तीच चूक नको!

"बारके," फोन म्हणाला. "फोनवर खालचे सूर ऐकू येत नाहीत, वेडे. नुसतं टक टक येतंय." मग हळूच विचारलं, "मोकळ्या वाजवतेयस ना?"

"हो, ताई."

"मग घेऊन ये तिला इकडे. तेवढ्या मलाही येतात अजून."

काका माझ्यावर पिशवी चढवत आहेत, बारकी गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवते आहे, आणि मला बोलायला आता थोडाच वेळ उरला आहे. मित्रांनो, एखादं वाद्य गप्प झालं, किंवा एखादं माणूस, तर रागवण्याआधी ते चार स्क्रू काढून बघा. आणि कोणाला 'कशी आहेस' असं विचारलंत, तर उत्तराच्या पहिल्या टकटकीवर 'बस' म्हणू नका. तार पूर्ण विरेपर्यंत थांबा.